पडदा धुण्यापूर्वी



‘पडदा’ हा शब्द आपल्या बोलण्यात किती निरनिराळ्या ठिकाणी येतो, हे पाहिले म्हणजे मौज वाटते. गुपित उघडे झाले की त्यावरील पडदा दूर होतो; वाद मिटला की त्यावर पडदा पडतो; आणि जत्रेच्या रात्री नाटकाचा पडदा वर गेला की सारा गाव पहाटेपर्यंत जागा राहतो. लग्नातील अंतरपाट हाही एक पडदाच होय. परंतु घराच्या खिडकीवर वर्षानुवर्षे मुकाट्याने लोंबणाऱ्या कापडी पडद्याविषयी कोणी दोन शब्द लिहिलेले सहसा आढळत नाहीत. बाहेरचे ऊन, धूळ आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर तो आपल्या अंगावर घेतो, आणि आपण मात्र चतुर्थी जवळ आली म्हणजेच त्याच्याकडे मान वर करून पाहतो. त्या पडद्याची धुलाई आणि निगा हाच आजच्या पाठाचा विषय आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. ते सांगताना आम्हांस लाज वाटते. तथापि विद्यार्थ्यांस प्रामाणिकपणा शिकवावयाचा तर आपली चूक झाकून ठेवता येत नाही. डिचोलीतील आमच्या घरास पश्चिमेकडे दोन मोठ्या खिडक्या आहेत. तेथे पाच वर्षे लोंबलेले सुती पडदे आम्ही एका वृद्ध परटाकडे धुण्यास दिले. गोव्यात परटास ‘मडवळ’ म्हणतात. आमच्या घरी त्यांस सारे ‘माम’ म्हणूनच हाक मारीत. आठ दिवसांनी पडदे परत आले, ते स्वच्छ खरे, पण दोन्ही पडद्यांस वरपासून खालपर्यंत उभ्या चिरा गेलेल्या! आमचा राग अनावर झाला. आम्ही त्यांस नाही नाही ते बोललो आणि धुलाईचे पैसेही दिले नाहीत. माम शांतपणे एवढेच म्हणाले, “पडदो हांवें पिंजूंक ना, मास्तर, तो वतान खाला.” पडदा मी फाडला नाही, तो उन्हाने खाल्ला आहे, असा त्याचा अर्थ. आम्हांस ती पळवाट वाटली. ते खरे बोलत होते हे कळण्यासाठी आम्हांस जो अभ्यास करावा लागला, तोच येथे मांडीत आहोत.

मळाची ओळख

धुणे म्हणजे पाणी आणि साबण, असा आपला समज असतो. वस्तुतः धुण्याचा आरंभ मळ ओळखण्यापासून होतो. रोग ओळखल्यावाचून वैद्य औषध देत नाही, त्यातलाच हा प्रकार. आणि मळ हा घराच्या जागेप्रमाणे बदलतो. त्यासाठी दूर जावयास नको. आपल्या शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतील पडदे घेऊन पाहू.

डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, पाळी, वेळगे या बाजूंस लोहखनिजाच्या खाणी आहेत. या खनिजाचा तांबडा रंग लोखंड आणि प्राणवायू यांच्या संयोगाने बनलेल्या ऑक्साइडचा असतो. ट्रकांच्या चाकांखाली ही माती पिठासारखी बारीक होते आणि वाऱ्याबरोबर घरात शिरते. ही धूळ पाण्यात विरघळत नाही आणि साबणानेही तिचा रंग जात नाही. ती धाग्यांच्या पिळात अडकून बसते.

पेडणे तालुक्याची गोष्ट वेगळी. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावरील गावांत समुद्राचा वारा मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतो. मीठ हवेतील ओल ओढून घेते. त्यामुळे तेथील पडदा डोळ्यांस स्वच्छ दिसला तरी हातास दमट आणि चिकट लागतो, दांडीवरील लोखंडी कड्या लवकर गंजतात, आणि त्या गंजाचे ठिपके पडद्याच्या वरच्या काठावर उमटतात. आत मोपाच्या पठाराकडे गेले की पुन्हा जांभ्या दगडाची तांबडी धूळ भेटते. शिवाय दोन्ही तालुक्यांस समान असा तिसरा मळ आहे, तो घरातलाच: फोडणीची वाफ, तेलाचा अंश, उदबत्ती व समई यांची काजळी. हा मळ तेलकट असल्यामुळे नुसत्या पाण्यास दाद देत नाही; त्यास साबण लागतोच.

आता लक्षात येईल की, एकाच साबणाने आणि एकाच रीतीने हे तीनही मळ निघणे शक्य नाही. मिठास भरपूर साधे पाणी पुरते, काजळीस साबण लागतो, आणि खनिजाच्या धुळीस सर्वांत आधी लागते ती पाण्याविना झाडणी.

पडदा आणि पोट

येथे थोडे विषयांतर वाटले तरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून खाणकामास परवानगी दिली; पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि पुन्हा सारे थंडावले. डिचोलीत २०२४ साली पुन्हा खाणकाम सुरू झाले. २०१८ नंतरच्या त्या काळात ‘आमचे घर’ या विषयावर आम्ही वर्गात निबंध लिहून घेतला होता. एका मुलाने लिहिले होते की, आता आई पडदे महिन्याला धूत नाही, कारण ते तांबडे होत नाहीत; पण बाबांचा ट्रक अंगणात उभा आहे आणि त्याचे हप्ते चुकत आहेत.

त्या दोन वाक्यांवर तांबड्या शाईने काय शेरा लिहावा, हे आम्हांस सुचले नाही. धूळ वाईट, हे सांगणे सोपे. धुळीवर कोणाची चूल पेटते हे विसरून सांगणे मात्र अन्यायाचे. तरीही एक सत्य उरतेच. पडद्यावर दिसते ती ठोकळ धूळ. तिच्याहून कितीतरी बारीक धूळ पडद्यास न जुमानता आपल्या फुफ्फुसांत जाते. म्हणून रस्त्यावर पाणी मारणे, ट्रकांवर ताडपत्री घट्ट बांधणे, या गोष्टी घरच्या पडद्यापेक्षा अधिक महत्त्वाच्या आहेत. तांबडा झालेला पडदा ही घराची तक्रार नोंदविणारी वहीच समजावी.

धुण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पडदा उतरविण्यापूर्वी त्याची लांबी मोजून लिहून ठेवावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. मागावर विणताना धागे ताणलेले असतात. पाणी लागले की तो ताण सुटतो आणि धागे आपल्या मूळ स्थितीस येऊ पाहतात. म्हणून नवीन पडदे शिवताना खालची दुमड मोठी ठेवावी, किंवा कापड आधीच भिजवून घ्यावे. पडद्यास अस्तर असेल तर अधिक जपावे. पडदा आणि अस्तर निरनिराळ्या प्रमाणात आटले तर पडद्यास कायमचा झोळ पडतो.

नंतर कड्या, आकडे काढून घ्यावेत आणि पडदा अंगणात नेऊन, नाकास फडके बांधून, कोरडाच झाडावा. मऊ ब्रशाने वरून खाली असे हात फिरवावेत. हे काम पुष्कळजण टाळतात आणि पडदा तसाच बादलीत बुडवितात. त्याचा परिणाम असा होतो की, वर बसलेली धूळ पाण्याबरोबर चिखल होऊन धाग्याच्या आत शिरते. जी झटकून गेली असती ती मग घासूनही जात नाही.

यानंतर रंगाची परीक्षा. आतल्या शिवणीचा कोपरा ओला करून त्यावर पांढरे फडके दाबावे. फडक्यास रंग लागला तर तो पडदा वेगळा, थंड पाण्यात आणि थोडाच वेळ धुवावा. रंग न गेल्यास पडदा अर्धा तास साध्या पाण्यात भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे आणि मगच कोमट पाणी व सौम्य साबण घ्यावा. रेशमी व नाजूक कापडास रिठ्याचे पाणी उत्तम, कारण रिठ्यास साबणाप्रमाणे फेस येतो, पण सोड्याचा तिखटपणा त्यात नसतो. पडदा पिळू नये. दाबून पाणी काढावे. पिळल्याने उभे-आडवे धागे तिरपे होतात आणि पडदा मग सरळ लोंबत नाही. रंगीत पडदे सावलीत वाळवावेत. किंचित ओले असतानाच ते दांडीवर चढविले तर स्वतःच्या वजनाने सरळ होतात आणि इस्त्रीचे काम निम्मे वाचते.

गंजाच्या डागांविषयी विशेष सावधगिरी हवी. पांढऱ्या पडद्यावर तांबूस डाग दिसला की पुष्कळ घरांत ब्लीचिंगचे पाणी ओततात. आम्हीही तेच करीत असू. पण क्लोरीनच्या ब्लीचने लोखंडाचा डाग जात नाही. उलट, आपल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह विरघळलेले असते, ते ब्लीचमुळे गंजाच्या रूपाने बाहेर पडते आणि पडदा अधिकच पिवळा होतो. लोखंडाच्या डागास आंबट पदार्थ लागतो. आपल्या परसात बिंबलीचे झाड असते. त्याच्या फळात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि ते लोखंडाशी संयोग पावून त्यास पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणते. आजी पितळेची भांडी व कपड्यांवरील गंज बिंबलीने काढीत असे, त्यामागील शास्त्र हेच. मात्र हा रस आधी कोपऱ्यावर लावून पाहावा, काही मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावा, आणि एक गोष्ट कधीही विसरू नये: आंबट पदार्थ आणि ब्लीच ही एकत्र करू नयेत. त्यांपासून क्लोरीन वायू निघतो आणि तो विषारी आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत पडद्यावर काळे ठिपके येतात, ती बुरशी होय. सुती धागा हे तिचे अन्नच आहे. म्हणून मोठी धुलाई मे महिन्याच्या आरंभी एकदा आणि दसऱ्यानंतरच्या उन्हात एकदा करावी. चतुर्थीच्या वेळी जाड पडदे धुण्याचा हट्ट धरू नये. ते नीट वाळत नाहीत आणि बुरशीस आमंत्रण मिळते. त्या वेळी झाडणे व हवा देणे एवढेच पुरे. ओलसर पडदा घडी करून पेटीत कधीही ठेवू नये.

धुलाईचा व्यवसाय

मखमल, रेशीम, अस्तर व झालर लावलेले भारी पडदे घरी धुऊ नयेत. ते जाणकारांकडे द्यावेत. तेथे होणाऱ्या ‘ड्राय क्लीनिंग’ या प्रकाराविषयी पुष्कळ गैरसमज आहे. ती धुलाई कोरडी नसते. तीत पाण्याऐवजी दुसरा द्रव वापरतात, एवढाच अर्थ. पाण्याने धागा फुगतो, त्या द्रवाने तो फुगत नाही, आणि म्हणून कापड आटत नाही. अशा प्रकारच्या धुलाईची एक रीत न्यूयॉर्क येथील टॉमस जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिंप्याने शोधून काढली आणि ३ मार्च १८२१ रोजी तिचे पेटंट मिळविले. अमेरिकेत गुलामगिरी चालू असतानाचा तो काळ. अमेरिकन पेटंट मिळविणारा तो पहिला ज्ञात कृष्णवर्णीय मनुष्य होय. आणि आपल्या मिळकतीचा उपयोग त्याने गुलामगिरीविरुद्धच्या कार्यासाठी केला. पुढे या धंद्यात ‘पर्क्लोरोएथिलीन’ नावाचा द्रव जगभर रूढ झाला. तो कर्करोगास कारण होण्याचा संभव असल्याने २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेने ड्राय क्लीनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. म्हणून अशा धुलाईहून आलेला पडदा लगेच न लावता, प्रथम उघड्या हवेत टांगून त्याचा वास जाऊ द्यावा.

तयार पडद्यांच्या शिवणीत एक लहानशी पट्टी असते. ती कात्रीने कापून टाकण्याची आपल्यास घाई असते. तसे करू नये. ती पडद्याची जन्मपत्रिकाच होय. तीवरील पाण्याचा टब म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळविणे, इस्त्रीचे चित्र म्हणजे इस्त्री आणि वर्तुळ म्हणजे व्यावसायिक धुलाई. ज्या चिन्हावर फुली असेल ते काम वर्ज्य समजावे. इस्त्रीतील टिंबे जितकी अधिक तितकी इस्त्री अधिक तापवता येते.

धुलाईवाल्याकडे पडदा देताना आपलेही काही कर्तव्य आहे. पडदा किती वर्षांचा आहे, कोणत्या दिशेच्या खिडकीवर होता, डाग कशाचा आहे आणि त्यावर आपण घरी काय काय प्रयोग केले आहेत, हे सारे सांगितले पाहिजे. आम्ही यांतील एकही गोष्ट मामांस सांगितली नव्हती.

उन्हाचा घास

आता त्या चिरांकडे येऊ. कापूस हा सेल्युलोज नावाच्या पदार्थाचा बनलेला असतो. ग्लुकोजचे असंख्य कण साखळीप्रमाणे जोडले जाऊन सेल्युलोज तयार होते, आणि साखळी जितकी लांब तितका धागा बळकट. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून या साखळीच्या कड्या एकेक करून तोडतात. खिडकीची काच यांतील काही किरण अडविते, सर्व नव्हे. धाग्यात लोखंडाचा गंज राहिला असेल तर हे तुटणे अधिक वेगाने होते, आणि वरचेवर ब्लीच वापरल्याने त्यात भर पडते. डिचोलीचा पडदा, पश्चिमेचे ऊन आणि आमची ब्लीचची बाटली, अशी तिहेरी मारगिरी त्या धाग्यांवर पाच वर्षे चालली होती. लोंबत असताना असा पडदा धडधाकट दिसतो, कारण त्यास कोणी ओढीत नाही. पाण्यात भिजून तो जड झाला, हाताने किंवा यंत्राने हलविला, की आधीच तुटलेला धागा उघडकीस येतो. आणि दोष मात्र शेवटी हात लावणाऱ्यावर येतो.

हे वाचल्यावर आम्ही ते फाटके पडदे पुन्हा काढले. पाहतो तो चिरा आडव्यातिडव्या नव्हत्या. पडद्याच्या चुण्यांचा जो उंचवटा खिडकीकडे असतो, नेमक्या त्या रेषांवरच त्या गेल्या होत्या. दोन चुण्यांमधील खोलगट भाग, जेथे ऊन पोचत नव्हते, तो शाबूत होता. मग आम्ही खालची दुमड उसवली. आत दडलेले कापड मूळ रंगाचे आणि इतके मजबूत की दोन्ही हातांनी ओढून फाटेना. बाहेरचे कापड मात्र जुन्या वर्तमानपत्राप्रमाणे बोटांत फाटत गेले. दोन्ही कापडे एकाच ठाणातली, एकाच हातांनी, एकाच पाण्यात धुतलेली. फरक होता तो उन्हाचा.

त्याच संध्याकाळी आम्ही मामांच्या घरी गेलो, झालेल्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली आणि राहिलेले पैसे त्यांच्या हाती ठेवले. त्यांनी ते मोजून घेतले, पदरचे आम्ही अधिक घातले होते ते परत केले, आणि नव्या पडद्यांस पश्चिमेच्या बाजूने पांढरे अस्तर लावावे म्हणून सांगितले. ऊन आधी अस्तर खाईल आणि अस्तर बदलणे स्वस्त पडेल, हा त्यांचा हिशेब. पुस्तके चाळून आम्ही जे मिळविले, ते त्यांस आयुष्यभराच्या कामातून ठाऊक होते.

परटाचे काम हलके मानण्याची वाईट खोड आपल्या समाजास फार दिवसांची आहे. ज्यांनी खराटा हाती घेऊन गावोगाव स्वच्छतेचा धडा दिला, ते संत गाडगेबाबा परीट घराण्यात जन्मले होते, हे आपण भाषणांत सांगतो आणि दारी आलेल्या धुलाईवाल्याशी मात्र घासाघीस करतो. दुसऱ्याचा मळ काढण्यासाठी कापड, रंग, पाणी, ऊन आणि वेळ या साऱ्यांचे ज्ञान लागते. ज्ञान म्हटले की ते वहीत लिहिलेले असो वा हाताच्या रेषांत मुरलेले असो, त्यास मान दिलाच पाहिजे.

मुलांनो, येत्या सुटीत दोन लहान प्रयोग करून पाहा. एकाच जुन्या सुती कापडाचे दोन तुकडे करा. एक खिडकीच्या काचेवर उन्हात आणि दुसरा पेटीत ठेवा, आणि वर्षअखेरीस दोन्ही ओढून त्यांच्या बळाची तुलना करा. दुसरा प्रयोग याहून सोपा: पडद्याचा एक कोपरा कोरडा झाडून आणि दुसरा न झाडता वेगवेगळ्या पेल्यांत भिजवा, आणि कोणत्या पेल्यातील कोपरा अधिक तांबूस राहतो ते पाहा. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहा.

आणि कोणी केलेले काम बिघडलेले दिसले, तर बोल लावण्यापूर्वी त्याच्या चिरा कोणत्या रेषेवर गेल्या आहेत, हे एकदा उजेडात धरून पाहा.